मिळाले किती?

हॉटेलात जेवणं आटोपतात, बडीशेपेची वाटी येते आणि तिच्याखाली दुमडलेलं बिल येतं. त्या क्षणापासून मराठी माणसाच्या हालचाली मंदावतात. कोणी मोबाइलमध्ये डोकं घालतो, कोणी दात कोरायला घेतो, एखाद्याला नेमका त्याच वेळी पुन्हा एकदा हात धुवायचा असतो. आमचे भाऊजी मात्र त्या बिलावर झडप घालतात. वेटरने वाटी टेबलावर टेकवायच्या आत बिल त्यांच्या हातात असतं. "अहो, राहू द्या, आज मी देतो," असं कोणी म्हणालंच, तर ते दुखावल्यासारखे बघतात. नवख्या पाहुण्याला वाटतं, काय हा दिलदार माणूस! मुरलेले नातेवाईक निमूटपणे मोबाइल काढतात. त्यांना ठाऊक असतं, पार्किंगपर्यंत पोचायच्या आत भाऊजींचा निरोप येणार आहे : 'तुमच्या वाट्याचे आठशे सदतीस रुपये पन्नास पैसे.' भाऊजींना कोणाचा पैसा खायचा नसतो, स्वतःचा जाऊही द्यायचा नसतो. त्यांना हवा असतो फक्त स्वाइप. सगळ्यांचं जेवण त्यांच्या कार्डावर चढतं, सगळ्यांचे पैसे त्यांच्या खात्यात उतरतात आणि या चढउतारात मधल्यामध्ये जे गोळा होतं, त्याला पॉइंट म्हणतात.

भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. जन्म नागपुरातल्या महालातला, नोकरी चिंचवडच्या एका कारखान्यात, परचेस खात्यात. कंपनीच्या पैशाने खरेदी करायची आणि त्यात स्वतःचा फायदा बघायचा नाही, हे व्रत त्यांनी ऑफिसात इतकं कडक पाळलं की त्याची सगळी कसर घरच्या खरेदीत निघाली. पुण्यात राहून राहून त्यांची बोली पुष्कळ निवळली आहे. 'अहो-जाहो' करतात, दुपारी एक ते चार फोन घेत नाहीत. पण एखाद्या बँकेने नियम बदलला, की आतला नागपूरकर उसळून बाहेर येतो. "काहून बे? पॉइंट कापून राहिले ना हे लोक!"

सुरुवात अगदी रास्त कारणाने झाली, हे कबूल केलं पाहिजे. नागपूरला त्यांचे वडील आजारी होते आणि भाऊजींच्या वरचेवर खेपा होत. पुणे-नागपूर म्हणजे ट्रॅव्हल्सच्या स्लीपर बसमध्ये अख्खी रात्र, नाहीतर रेल्वेत बारा-पंधरा तास. विमानात जेमतेम दीड तास, पण तिकीट असं की महिन्यातून दोनदा गेलं तर पगाराला भोक पडावं. एकदा लोहगावच्या विमानतळावर टाय लावलेल्या एका पोराने त्यांना अडवलं. "सर, कौन सा कार्ड यूज करते हैं?" या पोरांना चुकवण्यासाठी लोक बॅगा ओढत पळत सुटतात. भाऊजी थांबले. नुसते थांबले नाहीत, त्यांनी त्याला उलटे एवढे प्रश्न विचारले की शेवटी पोरगंच घड्याळ बघायला लागलं. त्या कार्डाच्या जोरावर त्यांनी वडिलांच्या शेवटच्या वर्षातल्या कितीतरी खेपा अर्ध्या खर्चात केल्या. इथपर्यंत ही गोष्ट शहाणपणाची आहे. वडील गेले, खेपा कमी झाल्या, कार्डं मात्र वाढत गेली.

असा एक गृहस्थ आता प्रत्येक हाउसिंग सोसायटीत सापडतो. त्याची खूण सोपी आहे. आपण नवा टीव्ही घेतला की बाकीचे विचारतात, "कितीला पडला?" हा विचारतो, "कशावर घेतला?" आपण कार्डाचं नाव सांगितलं की त्याच्या चेहऱ्यावर जी कणव दाटते, ती मी दवाखान्याबाहेर इतरत्र फारशी पाहिलेली नाही.

भाऊजींचं पाकीट जाडजूड आहे आणि त्यात पैसा औषधालाही नाही. सगळी कार्डं. प्रत्येकावर पांढरी चिकटपट्टी, तिच्यावर परचेस खात्याच्या सुवाच्य अक्षरात सूचना : 'किराणा', 'पेट्रोल नको', 'फक्त विमान', 'परदेश', 'दर तिमाहीस एकदा वापरणे'. ताईच्या नावाने काही, आईंच्या नावाने एक. या आई म्हणजे ताईच्या नागपूरच्या सासूबाई. वय चौऱ्याऐंशी, व्यवहार सगळा कनवटीच्या नोटांत. बँकेने धातूचं जड कार्ड पाठवलं, तेव्हा त्यांनी ते खणकन टेबलावर आपटून पाहिलं आणि विचारलं, "काहून रे बाप्पा, यानं नारळ फुटते का?"

घरात खरेदीला मुहूर्त लागतो. भर मे महिन्यात फ्रिज बंद पडला. ताईने दुसरा आणायचा म्हटलं तर भाऊजी म्हणाले, "अठरा तारखेपर्यंत थांब." अठराला बिल निघतं. एकोणिसाला घेतलेल्या वस्तूचे पैसे पुढच्या महिन्याचं बिल निघून त्याची मुदत भरेपर्यंत द्यावे लागत नाहीत, म्हणजे जवळजवळ पन्नास दिवस बँकेचा पैसा बिनव्याजी. हे गणित बिनचूक होतं. त्या काळात दूध शेजारच्यांच्या फ्रिजमध्ये, भाजी माठाशेजारी ओल्या फडक्यात आणि ताईचं डोकं सातव्या मजल्यावर होतं, एवढंच.

दुकानं त्यांना आपल्यासारखी दिसत नाहीत. त्यांना आकडे दिसतात. कार्ड घेणाऱ्या प्रत्येक दुकानाला एक चार आकडी कोड असतो. किराणा ५४११, उपाहारगृह ५८१२, पेट्रोल पंप ५५४१, दागिने ५९४४, घरभाडं ६५१३. कोणत्या कोडवर बँक पॉइंट देणार आणि कोणत्यावर हात वर करणार, हे ठरलेलं असतं. त्यामुळे एखादं दुकान वरून किराण्याचं आणि मशीनच्या पोटात भलतंच असू शकतं. भाऊजी आधी दहा रुपयांची काडेपेटी कार्डावर घेतात, बँकेच्या ॲपवर त्याची नोंद काय पडली ते बघतात आणि मगच महिन्याचा किराणा भरतात. आमच्या कोपऱ्यावरच्या वाण्याला वाटायचं, हा माणूस विड्या फार ओढत असावा.

त्या वाण्याने पुढे मशीनच काढून टाकलं आणि काउंटरवर क्यूआर कोडचा चौकोन उभा केला. देश आनंदात होता. भाजीवाली, रिक्षावाला, देवळाबाहेरचा फुलवाला, सगळीकडे यूपीआय. पण जानेवारी २०२०पासून यूपीआयच्या व्यवहारावर दुकानदाराला काही शुल्क पडत नाही. आणि जिथे दुकानदाराच्या खिशातून काही जात नाही, तिथे भाऊजींच्या खिशात काही येत नाही. यूपीआयने सुट्ट्या पैशांची कटकट संपवली म्हणून सगळे खूश असताना हळहळणारा हा एकच माणूस माझ्या पाहण्यात आहे. पुढे रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येऊ लागलं, तेव्हा त्यांनी ताईला भेळ खायला नेलं. पैसे अर्थात त्या कार्डाने स्कॅन करून.

सोनाराकडे मात्र अजून वादावादी होते. "कार्डावर दोन टक्के जादा," सोनार म्हणतो. "तसं घेता येत नाही," भाऊजी म्हणतात. "मग रोख द्या," सोनार म्हणतो. मंगळसूत्राची वाटी बदलायला गेलेली ताई मधल्या स्टुलावर बसून चहा पिते. तिला आता त्या दुकानातले सगळे जण नावाने ओळखतात.

भाऊजींच्या कारकिर्दीतला सुवर्णकाळ घरभाड्याचा. एक काळ असा होता की ॲपवरून कार्डाने घरभाडं भरता यायचं आणि त्यावर पॉइंटही मिळायचे. घरमालक म्हणून कोणाचंही खातं चालायचं. भाऊजींचा फ्लॅट स्वतःचा. पण दर महिन्याच्या पाच तारखेला ताई घरमालकीण व्हायची, भाऊजी भाडेकरू व्हायचे, भाडं तिच्या खात्यात जायचं आणि सहा तारखेला तिथून परत यायचं. ताईने या अधिकाराचा फायदा घेऊन त्यांना एकदा लेखी नोटीसही दिली होती : 'भाडेकरूने बाल्कनीतील जुने टायर आठ दिवसांत हलवावेत.' माझ्या मते ही चक्क लबाडी होती, आणि बँकांचंही तेच मत पडलं. २०२२पासून एकेका बँकेने भाड्याच्या रकमेवर एक टक्का आकारायला सुरुवात केली, पॉइंट बंद केले. सप्टेंबर २०२५मध्ये रिझर्व्ह बँकेच्या नव्या नियमांनंतर मोठ्या ॲपवाल्यांनीही ही सोय गुंडाळली. भाऊजी पुन्हा स्वतःच्या घराचे मालक झाले. टायर अजून बाल्कनीत आहेत.

महाराष्ट्र दिनाला ते दोन कारणांनी सुट्टी पाळतात. एक आपलं सगळ्यांचं. दुसरं असं की १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने 'ॲडव्हान्टेज' ही योजना सुरू केली. उडालेल्या मैलांची खतावणी ठेवून प्रवाशाला फुकट तिकीट देण्याची जी पद्धत पुढे जगभर पसरली, तिची ही मोठी सुरुवात. त्यानंतर बँका या धंद्यात शिरल्या आणि आकाशात न जाता, जमिनीवर कांदे-बटाटे घेऊनही मैल मिळू लागले. भाऊजी हे सगळं झेंडावंदनाहून परतताना सांगतात. सोबत सोसायटीचे सेक्रेटरी असतात, त्यांचे गुडघे दुखतात, त्यांना पळता येत नाही.

मग ओघाने पुडिंगची कथा येते. ती खरी आहे आणि मलाही आवडते. १९९९ साली कॅलिफोर्नियातल्या एका इंजिनियरच्या लक्षात आलं, की एका खाद्यपदार्थ कंपनीच्या वेष्टनांवरचे बारकोड पाठवले की विमानाचे मैल मिळतात, आणि त्या कंपनीचं सगळ्यांत स्वस्त पुडिंग पंचवीस सेंटला एक आहे. त्याने दुकानं पालथी घालून १२,१५० पुडिंगं घेतली. खर्च ३,१४० डॉलर, मिळकत साडेबारा लाख मैल. एवढे बारकोड काढणार कोण? त्याने पुडिंगं 'साल्व्हेशन आर्मी' या धर्मादाय संस्थेला दान केली, वेष्टनं तिच्या स्वयंसेवकांनी सोलून दिली आणि दानाबद्दल त्याला करातही सवलत मिळाली. "करातही!" या शब्दाशी भाऊजींचा कंठ दाटून येतो. पुढे हा प्रसंग हॉलिवुडच्या एका चित्रपटातही आला, पण त्याचं भाऊजींना कौतुक नाही. नायक प्रेमात पडतो म्हणे त्यात. विषय भरकटतो.

दुसरी कथा अमेरिकेच्या टाकसाळीची. डॉलरची नाणी चलनात यावीत म्हणून टाकसाळ ती दर्शनी किमतीला, घरपोच, टपालखर्च न घेता विकत होती, आणि क्रेडिट कार्ड स्वीकारत होती. लोकांनी हजारो डॉलरची नाणी मागवली, खोकी तशीच बँकेत नेऊन भरली, त्याच पैशाने कार्डाचं बिल चुकतं केलं आणि मैल खिशात घातले. शेवटी २०११ साली टाकसाळीने त्या नाण्यांसाठी कार्ड घेणंच बंद केलं. ही कथा संपली की भाऊजी हमखास उसासा टाकतात : "नाशिकचा आपला नोटांचा छापखाना कार्डावर नोटा देत नाही." सेक्रेटरी तोवर जिना चढून गेलेले असतात.

आमच्या पुतणीचं लग्न ठरलं, तेव्हा वधूपित्याच्या आधी भाऊजींनी कार्यालयाची चौकशी केली. जेवणाची नव्हे, मशीनची. कार्यालय, केटरर, मंडप, शालू, फुलं, सगळं त्यांच्या कार्डांवर वाटून झालं. नव्या कार्डावर तीन महिन्यांत अमुक खर्च केला की भेटीदाखल घसघशीत पॉइंट मिळतात. त्यांनी त्यासाठी दोन कार्डं खास काढली होती आणि केळवणं त्यांच्या मुदतीत बसवली होती. मुलीच्या बापाने चेकबुक घेऊन त्यांच्यामागे हिंडायचं, एवढंच काम उरलं. सप्तपदी चालू असताना भाऊजी शेजारी येऊन हळूच म्हणाले, "वर्षाच्या टप्प्याला अठरा हजार कमी पडतात. वरपक्षाला आइस्क्रीम वाढवायचं का?" आइस्क्रीम वाढवलं. वरपक्ष अजून आमच्या आतिथ्याची आठवण काढतो.

विमानतळावर त्यांचं खरं रूप दिसतं. नागपूरच्या सव्वा-दीड तासाच्या उड्डाणासाठी ते चार तास आधी पोचतात, कारण आत लाउंज आहे. कार्ड दाखवायचं, पडताळणीचे दोन रुपये कापून घ्यायचे आणि आत पाहिजे तेवढं खायचं. इडली, पोहे, छोले, गाजर हलवा, सूप. भाऊजी नाश्ता करतात, थोडं वर्तमानपत्र चाळून जेवतात आणि उड्डाणाची घोषणा झाली की 'निघता निघता' म्हणून कॉफी घेतात. पुढे महालातल्या घरी आईंनी भरल्या वांग्यांचा घाट घातलेला असतो. "भूक नाही गं," असं हा माणूस आईला सांगतो. दोन रुपयांच्या उपम्यापायी! हे मी त्यांना कधी माफ करणार नाही.

आता तेही सरळ राहिलेलं नाही. लाउंजसमोरची रांग विमानाच्या रांगेपेक्षा लांब व्हायला लागली, तेव्हा बऱ्याच बँकांनी अट घातली : मागच्या तिमाहीत कार्डावर ठरावीक खर्च केला असेल तरच फुकट प्रवेश. म्हणून तिमाहीच्या अखेरीस भाऊजी घरात नसलेल्या गोष्टींची यादी करायला बसतात. दोन रुपयांचा उपमा हुकू नये म्हणून गेल्या डिसेंबरात घरात हवा शुद्ध करायचं यंत्र आलं. ताईला ते आवडतं. त्यावर तिला मनी प्लांट ठेवता येतो.

बँकेचं पत्र येतं तो दिवस वाईट. 'आमच्या सन्माननीय ग्राहकांना अधिक चांगला अनुभव देण्यासाठी' एवढं वाचलं की भाऊजी चष्मा काढून खुर्चीत बसतात. पुढे काय लिहिलंय ते वाचायची गरज नसते. काहीतरी कमी झालेलं असतं. एका बँकेत पाच पॉइंट दिले की विमान कंपनीचे चार मैल मिळायचे. एका सकाळी पाचाला दोन झाले. त्या दिवशी ताईने त्यांचा चेहरा बघून घाबरून विचारलं, "कोण गेलं?" भाऊजी म्हणाले, "अर्धे गेले." मुदतीचा घोर वेगळाच. सिंगापूर एअरलाइन्सचे मैल तीन वर्षांत वापरले नाहीत तर संपतात. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ला एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा तिचे पॉइंट नव्या घरी नीट पोचले का, हे बघायला ते रात्रभर जागे होते. पोचले होते, एकही कमी नव्हता. पहाटे त्यांनी देवापुढे साखर ठेवली.

एवढे पॉइंट जमवून हा माणूस करतो काय? जपतो. आपल्याकडे बायका सोनं मोडायला काढताना जशा कचरतात, तसे ते पॉइंट मोडताना कचरतात. तोच पॉइंट बिलात वळता केला तर पाव रुपया, विमानाच्या तिकिटाला लावला तर एखादा रुपया, आणि विमान कंपनीकडे नेऊन बिझनेस क्लास पटकावला तर दीड-दोन. म्हणून बिलात कधी वळवायचे नाहीत. पॉइंट देऊन मिक्सर घेणारा माणूस त्यांच्या लेखी जगातून उठलेला. साध्या तिकिटाला लावायचे तर जिवावर येतं. मग उरतो बिझनेस क्लास, आणि तिथे मैलांवर मिळणाऱ्या जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या.

तरी एकदा त्यांनी मोडले. जवळजवळ वर्षभर आधी, अर्ध्या रात्री उठून, मुंबई-सिंगापूरच्या दोन जागा पकडल्या. कर आणि विमानतळाचे आकार रोखीने भरावे लागले. फुकट तिकिटालाही ते चुकत नाहीत, पण त्या रकमेचा उल्लेख आमच्याकडे कोणी करत नाही. विमान रात्रीचं. खुर्चीचा सपाट पलंग होतो. ताईने पायातल्या चपला काढल्या, पांघरूण घेतलं आणि जी झोपली ती चांगी विमानतळावरच उठली. भाऊजींनी डोळ्याला डोळा लावला नाही. प्रत्येक बटण दाबलं, दोनदा जेवले, नॅपकिनचे फोटो काढले. हवाई सुंदरीने अंथरूण घालून देऊ का विचारलं, तेव्हा म्हणाले, "झोपायला घरी गादी आहे." परतीची मैलांची जागा तिसऱ्याच दिवशीची मिळाली होती. त्यामुळे त्यांचं सिंगापूर म्हणजे जाताना विमान, येताना विमान, लाउंज आणि विमानतळाला लागून असलेल्या ज्वेलमधला तो चाळीस मीटरचा घरात कोसळणारा धबधबा. "शहर कसं आहे?" मी विचारलं. "कोड सगळे नीट पडतात," भाऊजी म्हणाले.

या सगळ्याचा खर्च सोसतं कोण, हा प्रश्न मला पडायचा. बँक काही धर्मशाळा नाही. थोडं दुकानदाराच्या कमिशनमधून निघतं, जे त्याने आपल्या सगळ्यांच्या भावात आधीच मिसळलेलं असतं. रोखीने साबण घेणारी बाईसुद्धा भाऊजींच्या तिकिटाला हातभार लावते. आणि पुष्कळसं निघतं ते बिल पूर्ण न भरणाऱ्यांकडून. महिन्याला साडेतीन-पावणेचार टक्के व्याज, म्हणजे वर्षाला बेचाळीसच्या वर. भाऊजींनी जन्मात एक पैसा व्याज भरलेलं नाही. बिल निघालं की तिसऱ्या दिवशी चुकतं.

आमच्या चिरंजीवांना पहिली नोकरी लागली आणि पाठोपाठ पहिलं कार्ड. साठ हजारांचा फोन घेतला. महिनाअखेर बिलावर लिहिलं होतं, 'किमान देय रक्कम तीन हजार.' पोराने तीन हजार भरले आणि निवांत झालं. पुढच्या महिन्यात पुन्हा किमान. सहज बोलता बोलता हे भाऊजींच्या कानावर गेलं. या माणसाचा आवाज चढलेला मी बँकांच्या संदर्भातच ऐकला होता. त्यांनी बिल मागवलं, लाल पेनाने व्याजाभोवती गोल केला, त्यावरच्या अठरा टक्के जीएसटीभोवती दुसरा केला. "थकबाकी ठेवलीस की नव्या खरेदीला मुदत मिळत नाही, वडापाव खाल्लास तरी त्याच दिवसापासून व्याज, हे वाचलंस का?" पोरगं म्हणालं, "काका, पण पॉइंट मिळाले ना." भाऊजींनी शिवणाच्या डब्यातली कात्री काढली, कार्डाचे चार तुकडे केले आणि तिथल्या तिथे स्वतःच्या खात्यातून त्याची सगळी थकबाकी भरली. मग म्हणाले, "तुझ्यासारख्यांच्या व्याजावर मी विमानात बसतो रे. पण घरातल्या पोराच्या खांद्यावर नाही बसायचं." पोराने ते पैसे हप्त्याहप्त्याने फेडले. व्याज नाही, पॉइंट नाहीत.

यंदा दिवाळीला आईंकडे जायचं ठरलं. पुणे-नागपूरचं विमान सणाला अकरा हजारांवर गेलं होतं. ताई म्हणाली, "लाखो पॉइंट पडलेत, लावा की." भाऊजींनी कागद घेतला, भाग दिला, मान हलवली. "नागपूरला लावले तर पॉइंटाला साठ पैसेसुद्धा पडत नाहीत. हैदराबादवरून गेलो तर बरा भाव मिळतो. सकाळी निघायचं, तिथे लाउंजमध्ये सहा तास..." ताईने पुढचं ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी ती जाऊन वंदे भारतची दोन तिकिटं घेऊन आली. ऑगस्ट २०२५पासून पुण्याहून नागपुरातल्या अजनीला ही गाडी सुरू झाली आहे. पहाटे बसलं की संध्याकाळी नागपूर, बारा तास.

तिकिटं बघून भाऊजींनी विचारलं, "कशावर काढलीस?"

"रोख," ताई म्हणाली. "खिडकीवर जाऊन."

प्रवासाच्या दिवशीही अबोला होता. अहिल्यानगर गेलं, कोपरगाव गेलं, नाश्त्याचा ट्रे आला आणि गेला. मनमाडला गाडी थांबली तेव्हा भाऊजी खिडकीबाहेर बघत म्हणाले, "खिडकीवर कार्डाचं मशीन असते."

"माहीत आहे," ताई म्हणाली आणि पिशवीतून चकल्यांचा डबा काढला. "त्याने विचारलं होतं मला."